बटण 'काढायचं', 'सोडायचं', 'उघडायचं' की 'खोलायचं'?

मनवा_ऐरोली
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, सेंटर ऐरोलीत. अर्धांगवायू झालेले पेशंट जास्त, घणसोली, कळवा, ठाणे इकडून येतात. त्यांना घरी न्यायला एक पान मराठीत करतेय, एका हाताने शर्ट कसा घालायचा आणि कसा काढायचा. घालायचा भाग पटकन झाला, लुळा हात आधी बाहीत, मग चांगला, मग बटणं खालून वर लावत या. काढायच्या भागात मात्र पहिल्याच ओळीत गाडी अडकली.

आधी लिहिलं 'बटणं काढा'. ते वाचून एका आजोबांच्या सुनेने विचारलं, मॅडम बटणं काढून तिथे वेल्क्रो लावायचंय ना? तिचं काहीच चुकलं नाही कारण वेल्क्रो लावायला आम्हीच सांगत असतो. मग 'बटणं सोडा' केलं तर आमची रिसेप्शनवाली हसायला लागली, म्हणे नाडी सोडतात मॅडम, बटण कोण सोडतं. 'खोला' लिहिलं तर आईने हिंदी म्हणून झापलं. 'उघडा' मला स्वतःलाच डब्याचं झाकण वाटतं. तुमच्या घरी काय म्हणतात ते सांगा, पुस्तकातलं नको, घरातलं.

गुंडीवाली
आमच्याकडे बटणच म्हणत नाहीत, गुंडी म्हणतात :) माहेर कराड, सासर कळवा. गुंडी काढ, गुंडी लाव. आजीच्या तोंडी 'बिरडं' पण असायचं. आणि गुंडी तुटली तर 'गुंडी गेली', त्यामुळे काढली म्हणजे तोडली असा घोळ आमच्यात कधी झाला नाही.

कोथरूड_ते_कोलशेत
बटण काढणे हेच बरोबर आहे. 'खोलणे' ठाण्याला येईपर्यंत मी फक्त हिंदी सिनेमात ऐकलं होतं. इथे लिफ्टमध्ये मराठी माणूस मराठी माणसाला 'दरवाजा खोल' म्हणतो आणि कोणाला काही वाटत नाही.

वऱ्हाडी_वाशीत
@कोथरूड, आमच्याकडे बटन खोल सर्रास चालते भाऊ, आणि आम्ही काही सिनेमा पाहून नाही शिकलो. माझी आजी अक्षरशत्रू होती, ती पेटी खोल म्हणायची. तिला हिंदी अजिबात येत नव्हती.

टेलरचा_नातू
मनवाताई, हा घोळ आमच्या दुकानात रोजचा आहे. जांभळी नाक्याजवळ आजोबांचं दुकान, आता काका बसतात. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं 'याची बटणं काढून द्या'. काका न बोलता कात्री उचलून दाखवतात आणि विचारतात, याने काढू का हाताने? कारण मागे एकाचा नवाकोरा कुर्ता होता, त्याला फक्त गळा मोकळा करून माप बघायचं होतं आणि कारागिराने चारही बटणं कापून वाटीत ठेवली होती. तेव्हापासून दुकानात कारागिराशी बोलताना 'बटण उघड' आणि 'बटण कट कर' अशी दोनच वाक्यं. शिलाईला मात्र वेगळं, शिलाई 'उसव' म्हणायचं, पण आता कारागीर सगळे बिहार-युपीचे त्यामुळे 'सिलाई खोल दो'. काका मराठीत बोलले तरी 'शिलाई खोल' असंच येतं तोंडातून.

टिचबटणाला (तेच ते टिच् वाजणारं, ब्लाउजला आणि लहान मुलांच्या झबल्याला असतं) आम्ही 'ओढ' म्हणतो. हूक 'काढ'. नाडी 'सोड'. चेन 'उघड' किंवा नुसतं 'खाली घे'. एकाच सलवार-कुर्त्यावर चार क्रियापदं झाली बघा.

शब्दकिडा
टेलरच्या नातवाने नकळत मुद्द्यावर बोट ठेवलंय. मराठीत 'जोडलेलं मोकळं करणे' याला एक सरसकट क्रियापद नाहीच, आधी काय केलं होतं त्यावर नंतरचं ठरतं. बांधलं असेल तर सोडायचं. लावलं असेल तर काढायचं. शिवलं तर उसवायचं, गुंतलं तर सोडवायचं, घडी घातली तर उलगडायची नाहीतर मोडायची, नेसलं असेल तर फेडायचं. म्हणून तुमच्या रिसेप्शनवालीला हसू आलं, तिच्या डोक्यात बटण 'लावतात', बांधत नाहीत, मग सोडणार कसं.

आता 'लावणे' हेच मुळात नाठाळ क्रियापद आहे. कडी लावली की काढतो, कुलूप लावलं की काढतो किंवा उघडतो, टिकली लावली की काढतो, इथपर्यंत सरळ. पण दार लावलं की दार काढत नाही, दार सुतार काढतो बिजागऱ्यांसकट. आपण उघडतो. दिवा लावला की मालवतो किंवा घालवतो. भात लावला की… असो. तेव्हा 'लावणे'ची जोडी दोन ठिकाणी फुटते. लावलेली वस्तू हातात येणार असेल, मूळ जागेवरून निघणार असेल तर काढणे. वस्तू जागच्या जागी राहणार असेल आणि फक्त वाट मोकळी होणार असेल तर उघडणे. कुलूप दोन्हीत बसतं कारण ते किल्लीने उघडतं आणि मग कडीतून निघून हातातही येतं. बटण मात्र मधल्यामध्ये लटकलंय. काजातून निघतं म्हणून 'काढ', पण शर्टावरच राहतं म्हणून 'काढ' म्हटलं की कोणीतरी कात्री आणतं.

गुंडीवाली
अरे देवा आता मी दिवसभर घरात काय काय काढते आणि काय उघडते हेच बघत बसणार

नेरूळकर_मावशी
फेडणे कित्येक वर्षांनी वाचलं. आमच्या सासूबाई नऊवारी नेसायच्या, त्या साडी 'सोडली' कधीच म्हणायच्या नाहीत. लुगडं फेडून दांडीवर टाक, असं. कासोटा आपोआप सुटला तर 'कासोटा फिटला'. निऱ्या फिटल्या. आता पाचवारीला कोणी फेडणं म्हणत नाही, साडी सोडली किंवा साडी काढली म्हणतात, आणि 'फेडली' म्हटलं तर उलट वाईट वाटतं ऐकायला, कारण तो शब्द आता भांडणात आणि द्रौपदीच्या गोष्टीतच उरलाय.

शब्दकिडा
मावशी, अगदी. फेडणे-फिटणे ही सोडणे-सुटणे सारखीच जोडी आहे, करणारा असेल तर फेडणे, आपोआप झालं तर फिटणे. आणि गंमत म्हणजे रोजच्या कपड्यांतून हा शब्द गेला पण पैशात राहिला. कर्ज फेडलं, कर्ज फिटलं. नवस फेडला. पांग फेडले. डोळ्यांचं पारणं फिटलं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७ ची) वस्त्र-गाठ मोकळी करणे आणि ऋण चुकतं करणे हे दोन्ही अर्थ आहेत. ऋण ही बांधलेली गोष्ट मानली की ते फेडायलाच लागणार. 'हे पाप कुठे फेडशील' हे पण त्यातलंच.

कोथरूड_ते_कोलशेत
मोल्सवर्थ काढलाच आहे तर खोलणे बघा त्यात.

शब्दकिडा
आहे. कोथरूडला वाईट वाटेल पण खोलणे त्यात आहे. तेव्हा वऱ्हाडी आजींची पेटी खोलायला काही हरकत नाही. फरक एवढाच की पुण्याकडे 'उघडणे'ने ती जागा घेतली आणि खोलणे कारखान्यात जाऊन बसलं. इंजिन उघडलं असं कोणी म्हणत नाही, इंजिन खोललं.

वागळे_फिटर
बरोबर. मी वागळे इस्टेटला फिटर म्हणून लागलो आणि रिटायर पण तिथूनच झालो, तेव्हा या विषयात बोलायचा हक्क आहे असं समजतो. आमच्यात पण एक शब्द नव्हता. नट 'ढिला कर' म्हणजे पाना लावून पहिला झटका द्यायचा आणि थांबायचं, नट बोल्टावरच राहिला पाहिजे. नट 'काढ' म्हणजे पूर्ण हातात घे. पंप 'खोल' म्हणजे सगळा सुटा सुटा करून टेबलावर मांड. नवीन पोरगा आला की पहिल्याच आठवड्यात हा फरक कळला पाहिजे नाहीतर बोटं जातात, कारण प्रेशरच्या लाइनवर 'ढिला कर' सांगितलं आणि त्याने 'काढला' तर आतलं सगळं अंगावर. फ्लँजचे (दोन पाइप जोडणाऱ्या चकत्यांचे) बोल्ट असेच सोडतात, आधी सगळे थोडे थोडे ढिले करायचे, समोरासमोरचे, आणि आपल्या अंगापासून लांबचे आधी, म्हणजे आत काही राहिलं असेल तर ते पलीकडे जाईल.

आणि 'सुटला' हा शब्द आमच्याकडे फक्त एकाच वेळी यायचा, गंजलेला बोल्ट रॉकेल टाकून टाकून, ठोकून ठोकून शेवटी हलला की. त्याला कोणी 'निघाला' म्हणायचं नाही. सुटला!

टेलरचा_नातू
काका हे भारी. म्हणजे ढिला, सोड, काढ, खोल अशा पायऱ्या झाल्या.

दिवाळे_गाव
आमच्या कोळीवाड्यात बटणापेक्षा दोर जास्त :) होडीचा दोर सोडायचा, आमची आजी 'सोर' म्हणायची, ड चा र होतो आमच्यात, घोडा म्हणजे घोरा. पण जाळ्यात अडकलेला मासा काढायचा आणि जाळ्याचा गुंता सोडवायचा. सोडणं आणि सोडवणं वेगळं आहे हे कोणी बोललं का वर? दोर सोडला म्हणजे एका ओढीत झालं काम. सोडवला म्हणजे बसून, नख लावून, शिव्या देत. आणि ज्याने बांधलाय तो जर शहाणा असेल तर सोडवायला लागतच नाही, सुरगाठ मारतो, टोक ओढलं की मोकळी. निरगाठ मारून ठेवणाऱ्याला घरी बोलणी बसतात.

मनवा_ऐरोली
@दिवाळे_गाव, सोडणं-सोडवणं हे मला फार कामाचं आहे, थँक्यू. पेशंटच्या बाबतीत तेच होतं. पायजम्याच्या नाडीला घरचे लोक प्रेमाने, घट्ट, निरगाठ मारून पाठवतात आणि मग तो माणूस बाथरूममध्ये एका हाताने ती सोडवत बसतो. खूप जण याच भीतीने पाणी प्यायचं कमी करतात. आम्ही पहिल्या दिवशी नाडी काढून इलॅस्टिक घालायला सांगतो.

(इथे 'नाडी काढून' म्हणजे नेफ्यातूनच ओढून काढा, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं, बघा परत तेच.)

नेरूळकर_मावशी
एका हाताने गाठ सोडवायची म्हटल्यावर काकण सोडणं आठवलं. लग्नात नवरा-नवरीच्या मनगटाला हळकुंड बांधतात ना दोऱ्यात, ते लग्न लागल्यावर एकमेकांचं सोडायचं, आणि आमच्याकडे एकाच हाताने. करवल्या मुद्दाम गाठीवर गाठी मारून ठेवतात. माझ्या वेळी मी पटकन सोडलं आणि यांना काही जमेना, सगळा मांडव हसत होता, शेवटी यांनी दात लावले. दात चालत नाहीत म्हणून परत सगळं पहिल्यापासून. अजून काढतात तो विषय माझ्या नणंदा.

वऱ्हाडी_वाशीत
मावशी दात लावणाऱ्याला मनवाताईच्या सेंटरला पाठवा

शब्दकिडा
विधींमध्ये 'सोडणे' बरंच आहे. सोडमुंज घ्या. मुंज म्हणजे मुळात मुंज गवताची कमरेला बांधलेली दोरी, मेखला, त्यावरून सगळ्या विधीलाच मुंज नाव पडलं. शिकणं संपलं की ती दोरी सोडायची, ती सोडमुंज. हल्ली बरेच जण एका दिवसात मुंज आणि सोडमुंज दोन्ही उरकतात, म्हणजे शिक्षण साधारण जेवणाच्या पंगतीइतकं. आणि लग्नाची गाठ सुटली की सोडचिठ्ठी, त्यातही सोडणेच आहे. काडीमोड वेगळा, तिथे सोडत नाहीत, मोडतात.

बंदांचे कपडे होते तोपर्यंत अंगावरच्या कपड्यालाही सोडणेच चालायचं. अंगरख्याचे कसे (म्हणजे बांधायच्या नाड्या) सोडायचे, बाराबंदीचे बंद सोडायचे. बारा बंद म्हणून बाराबंदी, सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाचे मानकरी आजही घालतात. बटण नंतर आलं, नावासकट बाहेरून. गोव्याकडे त्याला बुतांव म्हणतात ते पोर्तुगीजांकडून. पाहुण्याला कुठलं क्रियापद द्यायचं ते घराघराने आपापलं ठरवलं, म्हणून हा धागा निघाला.

कोथरूड_ते_कोलशेत
आणि बटण हा पाहुणा भिंतीवर पण जाऊन बसलाय. पंख्याचं बटण बंद कर. तिथे 'बंद' म्हणजे ऑफ आणि शर्टाला 'बटण बंद कर' म्हणजे लाव. माझी मुलगी शाळेत (इंग्लिश मीडियम) शर्टाचं बटण 'ऑन कर' म्हणते, उघडताना 'ऑफ कर'. आधी मी ओरडायचो, आता घरात सगळेच तसं बोलतात.

गुंडीवाली
हे भारीये, हेच लिहा मनवाताई पानावर 😂

ट्रान्सहार्बर_प्रवासी
सुटणे वर धागा काढा कोणीतरी. ठाणे-वाशी लोकल सुटली म्हणजे निघाली, माझी लोकल सुटली म्हणजे माझ्या हातून गेली. शाळा सुटते, वारा सुटतो, वास सुटतो, पोट सुटतं. आणि पोट सुटलं की बटण सुटतं.

नेरूळकर_मावशी
तुटतं रे. सुटलं तर परत लावता येतं.

मनवा_ऐरोली
सगळं वाचलं, काही पोस्टी मोठ्याने वाचून दाखवल्या सेंटरमध्ये. शेवटी असं ठरवलंय की क्रियापदावर सगळा भार टाकायचाच नाही, सोबत जागा लिहायची. 'बटण काजातून काढा.' काजातून म्हटलं की कात्री आणायचा प्रश्न येत नाही, आणि काज म्हणजे काय हे आजोबांना पण माहीत असतं, उलट त्यांनाच जास्त. नाडीला 'सोडा', चेनला 'खाली ओढा'. चेनच्या लंगरात (वरखाली सरकतो तो तुकडा) एक किल्लीची रिंग घालून द्यायची म्हणजे एका बोटाने ओढता येते. पेशंटमध्ये ज्यांची बोटं अजिबात वळत नाहीत त्यांना बटण-हूक मिळतो, लाकडी मुठीला तारेचा फासा असतो, काजातून घालायचा, बटण पकडायचं, बाहेर ओढायचं. त्याच्यामुळे लावणं सोपं होतं, काढायला साधारण अंगठाच पुरतो, काजाची कड बटणावरून मागे सरकवायची.

आणि शर्ट अंगातून काढताना उलटा क्रम, चांगला हात आधी बाहेर, लुळा शेवटी. हे पानावर सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे कारण घरचे लोक घाईत लुळा हातच आधी ओढतात आणि खांदा दुखावतो.

टेलरचा_नातू
ताई शर्टाची काजं आडवी करून घ्या सांगा पेशंटला. रेडीमेड शर्टला पट्टीवर उभी असतात, कॉलरचं तेवढं आडवं. काज जरा मोठं पण करून देतो आम्ही, धागा परत मारून. काकांना विचारलं, ते म्हणाले पेशंटचं असेल तर पैसे नाही घेणार. चेनचं म्हणाल तर लंगर बघून घ्या, वायकेके लिहिलेला असेल तर टिकतो. ते जपानी कंपनीचं नाव आहे, १९३४ ची कंपनी, योशिदा कोग्यो काबुशिकिगाइशा. काकांना हे पूर्ण नाव पाठ आहे आणि गिऱ्हाइकाला सांगायची प्रचंड हौस आहे.

मनवा_ऐरोली
आडवं-उभं काज हे मला माहीतच नव्हतं. विपू (विचारपूस) करते पत्त्यासाठी.

गुंडीवाली
विषयाला सोडून आहे पण वागळे काका आहेत तोवर विचारून घेते. टेबलफॅनचं पातं पुसायचंय, मधला प्लास्टिकचा नट निघतच नाहीये. नवऱ्याने पक्कड लावली तरी हलत नाही, उलट अजून घट्ट झालाय असं वाटतंय.

वागळे_फिटर
ताई पक्कड आधी बाजूला ठेवा, प्लास्टिक आहे, फुटेल. पात्याच्या नटाला बहुतेक वेळा उलटे आटे असतात, पंखा फिरताना तो आपोआप ढिला होऊ नये म्हणून. सायकलच्या डाव्या पॅडलला आणि वेल्डिंगच्या अ‍ॅसिटिलीन बाटलीलाही तसंच. नेहमीचे नट डावीकडे फिरवले की सुटतात, हा उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखा फिरवायचा. नटावर बाण आहे का बघा, असतो बऱ्याचदा. इतका वेळ साहेब तो काढत नव्हते, आवळत होते. आता फार आवळला गेला असेल तर जुन्या रबरी हातमोज्याने धरा, पातं दुसऱ्या हाताने घट्ट पकडा, आणि वायर बोर्डातून काढून ठेवा.

कोथरूड_ते_कोलशेत
वायर 'काढून' म्हणजे पिन काढून हां, गुंडीवाली. कात्री नको.